चंद्रभागाबाईंचं गोड आधण

बीडहून पालीकडे निघालं की बिंदुसरेच्या धरणाची भिंत दिसायच्या थोडं आधी डाव्या हाताला एक पत्र्याची टपरी लागते. टपरीवर पाटी नाही, कारण गरज नाही. मागे बोडकी टेकडी आहे, टेकडीच्या पायथ्याला चुना फासलेला कमरेइतका दगड आहे, आणि दगडाच्या डोक्यावर सिमेंटची हॅट आहे. बाकीच्या देवांना मुकुट असतो, फेटा असतो; आमच्या पंचक्रोशीत हॅट घालणारा देव हा एकच. त्याला उकळीसाहेब म्हणतात. आणि त्याची पुजारीण, आचारीण आणि सकाळी सकाळी त्याला फैलावर घेणारी बाई म्हणजे टपरीच्या मालकीण चंद्रभागाबाई.

मी या भागात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भानामती, उतारे, अंगारे, लिंबू-मिरची या सगळ्यांशी माझं जाहीर वैर. तेव्हा उकळीसाहेबाबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको. पण चंद्रभागाबाईंच्या चहाबद्दलही माझं एक मत होतं, आणि माणसाची दोन मतं एकमेकांच्या अंगावर आली की जे जिभेवर बसलेलं असतं तेच जिंकतं. निवृत्त होऊन बीडला घर बांधलं, तरी रोज सकाळी सातला माझी स्कूटर पालीच्या वाटेला लागतेच. घरी विचारतात, इथे चहा मिळत नाही का? मिळतो. पण तो पाच मिनिटांत होतो.

बाईंचा पहिला चहा पंधरा मिनिटं उकळतो. त्या पंधरा मिनिटांची हकीकत बाई सांगतात ती अशी.

राणीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे निजाम होता तेव्हा, एक गोरा साहेब टेकड्या मोजत इकडे आला. वय सव्वीस. त्याच्याकडे तीन पायांची दुर्बीण होती आणि पितळी डबीत एक काचेची नळी होती. आधी दुर्बिणीनं उंची काढायची, मग त्याच जागी पाणी उकळायचं, उकळत्या पाण्यात नळी बुडवायची आणि पुन्हा उंची काढायची. दोन्ही आकडे जुळले की वहीत लिहून पुढची टेकडी. यात चमत्कार काही नाही. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ होते आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. नळी म्हणजे थर्मामीटर. हे मी आठवीला शिकवत असे आणि पोरं झोपत असत.

साहेबाची चूल पेटवायला गावातला धोंडीराम होता, चंद्रभागाबाईंच्या सासऱ्यांचा पणजोबा. या टेकडीखाली साहेबाला पटकीनं गाठलं. तरी तो खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, आधण ठेव. धोंडीरामानं ठेवलं. नळी बुडवली, तर आकडा जुळेना. दुर्बीण म्हणते अठराशे एकसष्ट फूट, नळी म्हणते सतराशे. साहेब म्हणाला, "फिरसे रख," आणि दुसऱ्या आधणाला उकळी फुटायच्या आत संपला. उकळी फुटली तेव्हा वाफेत साहेब बसलेला, हॅटसकट, नळीकडे डोळे लावून. "उबल गया क्या?" म्हणाला. धोंडीराम पळाला नाही हे विशेष. तेव्हाही आकडा जुळला नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा आधण ठेवलं, आणि तेव्हापासून ते रोज ठेवलं जातं आहे.

जो चूल पेटवील त्याला साहेब दिसतो, तेही नळी आत आणि पाणी उकळतं असेपर्यंत. बाकीच्यांना नुसती वाफ. नळी एका सुनेकडून दुसऱ्या सुनेकडे जात जात बाईंच्या सासूकडे, सुंदरबाईंकडे आली, आणि छत्तीस वर्षांपूर्वी चंद्रभागाबाईंकडे. मधल्या काळात गाव चहाबाज झालं, तसा आधणाचाही चहा झाला. तो प्रसाद म्हणून वाटायचे. लोक दुसऱ्यांदा मागायला लागले, त्यातून टपरी निघाली. पाऱ्याची नळी चहात बुडवू नका म्हणून मी वर्षानुवर्षं कंठशोष केला. बाईंचं उत्तर ठरलेलं, "दीडशे वर्सं फुटली न्हाई, ती तुमच्याच टायमाला फुटंल व्हय?" आणि मी तोच चहा भुरके मारत पीत होतो, हेही लपवत नाही.

तर पंधरा मिनिटं बाई साहेबाशी बोलत बसतात. आम्हाला ऐकू येते ती अर्धीच बाजू. मी चिडवायला विचारायचो, "काय म्हणतो?"

"म्हंतोय, भूतबित काय नसतंय. समदं हवेच्या दाबावर हाय."

"मग तो स्वतः कोण आहे?"

"ते मी बी इचारलं. म्हंतो, मी मोजणीवर हाय."

साहेब सुरुवातीला हैदराबादी हिंदुस्तानी बोलायचा म्हणे. आता "लई" आणि "कावून" शिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. दीडशे वर्षं बीड जिल्ह्यात काढल्यावर दुसरं काय होणार? त्याचं खरं नाव बाईंना उच्चारता येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, तुझी आई तुला काय म्हणायची? तर तो म्हणाला, टॉमी. बाई मला म्हणाल्या, "आता आपल्याकडं टॉमी कुणाला म्हंत्यात तुमाला ठावं हाय. मी आपलं सायेबच म्हंते."

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. साहेब सव्वीसचा. त्या डोक्यावरचा पदर सावरून "अहो सायेब" म्हणायच्या. नवरा ऊसतोडीला जायचा. टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. हा एकटाच, म्हणजे अर्धा कोयता. कारण नळी सोडून सहा महिने कारखान्यावर जाता येत नाही, असा घरचा नियम. पुढे बाई सव्विशीच्या झाल्या, मग तिशीच्या, आणि वाफेतल्या साहेबाची थट्टा दिराची करावी तशी करू लागल्या. साहेब सव्वीसचाच. बारा वर्षांपूर्वी नवरा कारखान्यावरच तापानं गेला. मुलगा प्रविण शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला. आता बाईंची पंचावन्नी उलटली आहे आणि साहेबाला त्या "अरे" म्हणतात. हॅट वाकडी घातली म्हणून रागावतात.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मला मधुमेह निघाला.

आमच्या सौ. वत्सलाबाईंनी माझ्या आधी टपरीवर फोन केला. सरांना बिनसाखरेचा, म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी शेगडीचा एकच बर्नर चालू होता. बाईंनी व्यवहार्य विचार केला: पहिला चहा साखरेविना उकळायचा, माझा ग्लास भरायचा, मग बाकीच्यांसाठी साखर टाकायची. सवयीनं नळीही बुडवली. उकळी आली. बाई काहीतरी बोलायला मान वर करून बघतात तो त्यांचा चेहरा पांढराफटक. पुढच्या क्षणी त्यांनी डब्यात हात घातला आणि मूठभर साखर पातेल्यात फेकली. माझ्या चहात!

"अहो बाई!" मी ओरडलो. "जीव घेता का माझा?"

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वाफेकडे बघत म्हणाल्या, "गेलतास की रे आत्ता. कमरंपत्तुर गेलतास."

मी तणतणत निघालो. बीडच्या वाटेवर थोडं पुढे आलो आणि स्कूटर थांबवली. राग उतरला नव्हता, पण रागाच्या खाली माझ्यातला मास्तर जागा झाला होता. साखर! पाण्यात साखर विरघळली की ते थोडं जास्त तापमानाला उकळतं. जास्त तापमान म्हणजे नळीच्या हिशेबानं जागा सखल. औषधाच्या पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली. आपल्या चहाच्या साखरेला फरक येतो दीडशे फुटांच्या आसपास. मोबाइलवर त्या टपरीच्या जागेची उंची काढली. अठराशे साठ. साहेबाची दुर्बीण बरोबर होती.

मग धोंडीराम माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. परका माणूस, आजारी, दारात आलेला. त्याच्यासाठी चुलीवर पाणी ठेवलंय. आपल्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी कोण देतं? धोंडीरामानं गुळाचा खडा टाकला असणार, साहेबाची पाठ वळल्यावर, मायेनं. आणि पुढच्या सगळ्या सुनांनी तेच केलं, आधी गूळ, मग साखर. दीडशे वर्षं एक गणित चुकत होतं, आणि चूक कुठे, तर पाहुणचारात. भूत मी मानत नव्हतो, पण भुताचं गणित चुकलेलं मला बघवेना. स्कूटर वळवली.

"बाई, सापडलं!" मी टपरीत शिरतच म्हणालो. बाई ग्लास विसळत होत्या. मी त्यांना द्रावण, उत्कलनबिंदू, हवेचा दाब, सगळं सांगितलं. "साखर नको, दूध नको, पत्ती नको. नुसतं पाणी ठेवा. आकडा जुळेल आणि तुमचा साहेब सुटेल."

"म्हाईत हाय," बाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"साकर न्हाई टाकली की जातोय, ते. सासूबाईनं नळी हातात दिली तवाच सांगितलं. चंद्रे, साकर इसरू नगंस. साकर इसरली की पाव्हणा गेला. त्यास्नी त्यांच्या सासूनं सांगितलं व्हतं. तवा गूळ व्हता."

मी बाकड्यावर बसलो. माझी बी.एस्सी. माझ्या शेजारी येऊन बसली. 

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मुद्दाम?"

"मंग काय करू?" बाईंनी ग्लास आपटला. "मालक सा-सा म्हैने कारखान्यावर. पोरगं शाळंत. सकाळी उठून बोलायचं कुणाशी? ह्यो बोलायचा. मालक गेले तवा समदं गाव आलं, रडलं, जेवलं, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यो एकटा व्हता. आकडा चुकला तर चुकला! टेकडी काय खाली बसली का?"

इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "पण तो अडकलाय बाई. तुम्हाला सोबत हवी म्हणून तुम्ही त्याला अडकवून ठेवलंय."

बाईंनी शेगडी बंद केली. "सर, दुकान बंद हाय," म्हणाल्या. सकाळचे आठ वाजले होते आणि तीन रिक्षावाले ग्लासची वाट बघत उभे होते.

पुढचे आठ दिवस मी घरचा चहा प्यायलो. वत्सलाबाईंना वाटलं, पथ्याचा गुण. मला माझीच लाज वाटत होती. माझ्या घरात सकाळी माझ्याशी बोलायला माणूस आहे, भांडायला तर नक्कीच आहे. मी कोण त्या बाईला सोबतीवरून बोल लावणारा? आणि तेही ज्या साहेबावर माझा विश्वास नाही त्याच्या वतीनं?

नवव्या दिवशी बाईंचाच फोन आला. "सर, उद्या या. सायेबाचं आधण ठिवायचंय. नुसतं."

मी गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन गेलो. करायचं तर नीट करायचं. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. तांब्याचं पातेलं चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"काय झालं बाई?" मी विचारलं.

"प्रविणचा फोन आलता. कंपनी जर्मनीला पाठिवतीया म्हणाला, दोन वर्सं. आई, जाऊ का? म्हणलं, जा की, इचारतूस कावून? फोन ठिवला अन् आधण ठिवलं. सायेब आला. बघते तर प्रविणएवढाच. सव्वीस. रोजच बघत व्हते, पर दिसलं त्या दिवशी." बाईंनी लख्ख पातेलं पुन्हा एकदा पुसलं. "ह्याची बी आई आसंल, जिथं मेलेली माणसं आसत्यात तिथं. वाट बघत बसली आसंल. माझ्या पोराला मी जा म्हणलं, सर, अन् तिच्या पोराला साकर टाकून बांधलं."

मी बाटली पुढे केली.

बाईंनी ती घेतली नाही. "मला न्हाई जमायचं. पाव्हण्याला नुसतं पाणी, माझ्या हातानं? तुमी ठिवा. शेगडी बी तुमीच पेटवा."

"पण मग तुम्हाला तो दिसणार नाही."

"म्हाईत हाय," बाई म्हणाल्या, आणि शेगडीकडे पाठ करून दगडाकडे तोंड करून बसल्या.

एकतीस वर्षं ज्यानं अंधश्रद्धेवर भाषणं दिली त्यानं काडी ओढली. पाणी तापलं, तळाला बुडबुडे आले, उकळी फुटली, मी नळी बुडवली. आणि वाफेत तो होता.

काय सांगू? पोरगा होता हो! उन्हानं सोललेलं नाक, नुकती फुटलेली मिशी, वाकडी हॅट. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला असता तर मी त्याला पहिला प्रश्न विचारला असता. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बाई कुठाय?"

"इथंच आहे. पाठमोरी."

"बरं." त्यानं नळीकडे बघितलं. डोळे बारीक केले. ओठांनी काहीतरी पुटपुटला, वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मग वही मिटली. हॅट सरळ केली. आणि तो बुटांपासून विरत चालला.

"काय म्हंतोय?" बाईंनी पाठमोरंच विचारलं. माझाच रोजचा प्रश्न होता तो.

"आकडा जुळला म्हणतोय."

"बरं झालं. आनि?"

साहेब आता छातीपर्यंत उरला होता. माझ्याकडे वाकून म्हणाला, "सर, बाईला सांगा, साखरेनं पाणी उशिरा उकळतं हे मला शाळेपासून ठाव हाय. धोंडीरामानं गूळ टाकला तवा मला दिसलं न्हाई. पर दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं."

"मग बोलला का नाहीस?" माझ्यातला मास्तर भडकला. "दीडशे वर्षं!"

"लई गोड बोलायची ही माणसं," तो म्हणाला. "आन् आपल्याकडं पाव्हण्याला कुणी ऊठ म्हणत न्हाई. आज नुसतं पाणी ठिवलं. पाव्हण्यानं ओळखावं."

हॅट तेवढी राहिली होती. ती एकदा उचलली गेली, बाईंच्या पाठीकडे वळून, आणि पातेल्यावर साधी वाफ उरली.

मी शेगडी बंद केली. बाईंना शब्दन् शब्द सांगितला, माझी मतं मध्ये न घालता. बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लबाड मेलं!" मग रडता रडता हसल्या, आणि मग नुसत्याच रडल्या. मीही थोडा रडलो. वत्सलाबाईंना हे सांगितलेलं नाही.

टपरी दुसऱ्या दिवशी सातला उघडी होती. नळी धुऊन पितळी डबीत, डबी हॅटवाल्या दगडापाशी. पहिला चहा अजूनही पंधरा मिनिटं उकळतो. साहेब नसतो, मी असतो. बाई प्रविणचं सांगतात, तिकडे थंडी किती, तो खातो काय. मी माझ्या औषधांचं सांगतो. कधी सवयीनं मी म्हणतो, भूतबित काही नसतं बाई. त्या म्हणतात, "म्हाईत हाय. पोरगं व्हतं ते."

परवा पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "बाई, यात साखर आहे."

"अर्धा चमचा हाय."

"मला चालत नाही, माहीत आहे ना? बिनसाखरेचाच द्यायचा, असं ठरलंय आपलं."

"न्हाई देणार," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पातेल्याकडेच बघत होत्या. "बिनसाखरंच्यानं पाव्हणं जातंय. मी बघितलंय. प्या गुमान."

मी प्यायलो.